तिसऱ्या दगडापाशी

तिऱ्ह्याच्या खालच्या अंगाला सीना ओलांडताना
गाडी बरोबर तिसऱ्या दगडापाशी बंद पडते.
पहिल्या दगडाला आवाज ठणठणीत.
दुसऱ्याला पाणी फूटरेस्टवर, सूर जरा जड.
पुढं सतरा-अठरा सेकंद, मोजलेत मी,
आणि एक उसासा.
संपलं.

पाठीमागं बांधलेला नायट्रोजनचा डबा,
त्यात जातिवंत रेड्यांच्या गोठवलेल्या कांड्या,
पलीकडच्या काठाला हणमंत गुंडची म्हैस माजावर,
ती काही कुणाच्या कार्बोरेटरसाठी थांबत नाही.
हणमंत फोनवर विचारतो, डॉक्टर, कुठवर आलाव?
मी डॉक्टर नाही.
मी नदीत आहे.

तीन मिस्त्री झाले.
एकानं प्लगच्या टोपीत ग्रीस कोंबलं.
दुसऱ्यानं वायरींना सायकलची ट्यूब गुंडाळली,
पाय मोडलेल्या शेळीला बांधतात तशी.
तिसऱ्यानं एअर फिल्टर उघडला,
तो कालच्या कडक भाकरीसारखा कोरडा.
पुलावरनं जा, म्हणाला.
पूल अकरा किलोमीटर वर आहे.

मग साखर पेठेत राजेशम चिट्याल.
वडलांची रंगाई होती. सूत गेलं, हौद राहिले.
त्यानं पाना हातात घेतलाच नाही.
"आधी मरून दाखव म्हण तिला."
हौदात पाण्याचा पाइप सोडला,
फळीवरनं गाडी आत उतरवली, वर मी.
सिमेंटच्या भोकांत कधीचा निळा रंग बसला होता,
तो सावकाश सुटून माझ्या पँटला लागू लागला.
राजेशम काठावर, डोळे मिटून.
शेजारी एकच माग चालू होता.
त्याचा खटका आणि गाडीचा ठोका
त्यानं वेगवेगळे कसे ऐकले, त्यालाच ठाऊक.

सतरा. अठरा. उसासा.

"प्लग भिजला असता तर फाटकन गेली असती.
ही दम लागून जाऊलालीय."
कार्बोरेटरच्या वाटीचा स्क्रू ढिला करून
खाली ओंजळ धरली.
पेट्रोल. नितळ. पाण्याचा थेंब नाही.
माझ्या नाकाखाली धरलं त्यानं ते,
"पाणी आत शिरंना. मग?"

मग काय. मी गप्प.
दोन वर्षं मी पाणीच अडवत होतो.

त्यानं हौदात कोपरापर्यंत हात घातला,
इंजिनाखाली लोंबणाऱ्या दोन बारक्या नळ्या
शेपटीला धरून उंदीर काढावा तशा वर काढल्या.
इतकी वर्षं मला वाटायचं, या गळतीच्या आहेत.
"ही हिची नाकं. वाटीत हवा आली तरच
पेट्रोल पुढं सरकतंय.
बुडूलाली नाय बे,
गुदमरूलालीय."

माझ्याच पिशवीतली सलाइनची नळी,
मासे विकणाऱ्याकडनं आणलेले दोन प्लॅस्टिकचे टी-जोड.
एक वाट खाली ठेवली, जास्तीचं सांडायला.
एक वर चढवली टाकीखाली, फ्रेमच्या कुशीत,
तोंड उघडं.
"पेट्रोलच्या वाफंनं ताठ होईल ही. दिवाळीला बदल."
परत हौदात. सतरा, अठरा, एकोणीस,
पुढं मोजायचं राहून गेलं.
पाणी वाफाळत होतं सायलेन्सरभोवती
आणि राजेशम आत जाऊन चहा सांगत होता.

गुरुवारी सीना.
पहिला. दुसरा.
तिसऱ्या दगडाला माझाच श्वास अडकला, गाडीचा नाही.
तो मागं पडला तेव्हा वळून बघितलं,
साधा दगड, शेवाळलेला,
वर एक बगळा.

वाळूवर चढलो. हणमंत हात हलवत होता.
तिथं, ठार कोरड्यात, त्याच्या डोळ्यांदेखत,
गाडी बंद.

प्लग बघितला. नळ्या फुंकल्या.
फोन लावला. मागाच्या खटक्याआडून राजेशम म्हणाला,
"रिझर्व्हला घेतलीस का बे?"

म्हैस माझ्याकडं बघत होती.
मी कॉक फिरवला.